जुनी गाडी तापते? आधी ‘कधी तापते’ ते बघा

गाडी तापते म्हणून विचारायला येणाऱ्या माणसाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, “रॅडिएटर गेलाय बहुतेक.” नात्यातल्या आणि सोसायटीतल्या मिळून सात-आठ जुन्या गाड्यांचं हे दुखणं मी शोधून दिलंय. माझ्या स्वतःच्या २००४ च्या पेट्रोल गाडीचं तर चार वेळा. एवढ्या सगळ्यांत खरोखर रॅडिएटर गेलेला निघाला तो दोनदा. मी मेकॅनिक नाही, पण पुण्यात कात्रजजवळ राहतो. घराबाहेर पडलं की एका बाजूला घाट, दुसऱ्या बाजूला ट्रॅफिक. जुन्या गाडीला तापायला दोन्ही पुरतात.

खाली लिहिलंय ते पुढे रॅडिएटर (इंजिनातून आलेलं गरम पाणी वाऱ्याने थंड करणारी जाळी) आणि विजेवर चालणारा पंखा असलेल्या साध्या पेट्रोल गाड्यांबद्दल आहे. डिझेललाही बरंचसं लागू पडतं.

लक्षणं

गॅरेजला जाण्याआधी दोन दिवस डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवा. किती वर जातो यापेक्षा कधी वर जातो, हे जास्त कामाचं.

सिग्नलला उभं राहिलं की चढतो आणि मोकळा रस्ता मिळाला की उतरतो. संध्याकाळी सिंहगड रोडला जीव खालीवर, आणि बायपासला लागलं की काटा गुपचूप जागेवर. इथे पाणी नीट फिरतंय, हवा कमी पडतेय. पळत्या गाडीला समोरून वारा मिळतो, उभ्या गाडीला पंख्याशिवाय कोणी नाही. संशय पंख्यावर.

याच्या उलट, गावात काही नाही, पण खंबाटकी घाट चढताना किंवा हायवेला ८०-९० च्या वेगाने तासभर गेलं की चढतो. वारा तर भरपूर आहे. म्हणजे इंजिन जेवढी उष्णता तयार करतंय तेवढी पाणी वाहून नेत नाहीये. रॅडिएटर आतून चोक, थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर त्याला रॅडिएटरची वाट उघडून देणारी झडप) अर्धाच उघडतोय किंवा पाणी फिरवणारा पंप थकलाय.

सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांतच चढतो: थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय, नाहीतर आत पाणीच नाही.

वाटेत काटा ठीक, पण गाडी बंद केली की बाटलीत (रॅडिएटरला जोडलेल्या जास्तीच्या पाण्याच्या प्लॅस्टिक टाकीत) खदखद आणि खाली ओघळ: रॅडिएटरची कॅप, म्हणजे झाकण.

काटा नाचतो, एकदम वर, एकदम खाली, आणि हीटर लावला तर गरमऐवजी गार हवा येते: पाणी कमी होऊन आत हवा अडकलीय.

सकाळी थंड गाडीत नुसती चावी फिरवल्याबरोबर काटा लाल रेषेवर: इंजिन बिचारं गारच आहे, सेन्सर किंवा त्याची वायर बघा.

आणखी एक लक्षण फसवं आहे. मामा मे महिन्यात वाईला निघाले होते. खंबाटकीच्या चढाला काटा लाल रेषेला टेकला आणि माथ्यावर पोचेपर्यंत आपोआप खाली आला. “बघ, वारं लागल्यावर थंड झाली,” म्हणत मामा तसेच सुरूर फाट्यापर्यंत गेले. होसची (पाण्याच्या रबरी नळीची) क्लिप सुटून पाणी कधीच वाहून गेलं होतं. सेन्सर पाण्यात बुडलेला असेल तरच तापमान सांगतो, तो कोरडा लटकत असला की काटा खोटं बोलतो. हेड (इंजिनचा वरचा भाग) वाकलं, त्याखालचं गॅस्केट (सांधा बंद ठेवणारी पातळ चकती) गेलं, आणि मामांची वाई त्या वर्षी गॅरेजमध्येच पार पडली. चढलेला काटा कारण नसताना झपकन खाली आला, तर आनंद मानू नका, गाडी बाजूला घ्या.

आत्ता रस्त्यातच असाल तर

एसी बंद. हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर फुल, काचा खाली. मे महिन्यात हे भयंकर वाटतं, पण हीटर म्हणजे डॅशबोर्डमागे बसवलेला छोटा रॅडिएटरच असतो, इंजिनची थोडी उष्णता तो आत ओढून घेतो. मिनिट-दोन मिनिटांत काटा हलला नाही, किंवा लाल रेषेला लागलाच असेल, तर जागा बघून बाजूला घ्या आणि बंद करा. घाटात चाकाखाली दगड लावा.

कॅप उघडू नका. पाऊण तास तरी नाही. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, इथे उघड्या पातेल्यातलं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. कॅप ०.९ बारची असेल तर तिच्या दाबामुळे तेच पाणी ११८ अंशांपर्यंत न उकळता राहतं. तुम्ही कॅप फिरवली की दाब जातो आणि ते पाणी त्याच क्षणी वाफ होऊन तोंडावर येतं. घाटात बाटल्या घेऊन मदतीला धावणारे लोक मनाने फार चांगले असतात, पण तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतू देऊ नका, धातूला तडा जातो. पाणी भरायचं ते इंजिन हाताला सोसेल इतकं निवल्यावर.

तपासणी, फुकटापासून सुरुवात

सगळं सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर करायचं.

आधी पातळी. बाटलीतली बघाच, पण कॅप उघडून रॅडिएटरमध्येही बघा. बाटली भरलेली आणि रॅडिएटर रिकामा, हा प्रकार जुन्या गाडीत नेहमीचा. आम्ही बाटलीकडे बघून निर्धास्त असतो. रॅडिएटरमध्ये पाणी गळ्यापर्यंत दिसलं पाहिजे. कमी असेल तर भरा, बाटलीवर मार्करने रेघ ओढा, चार दिवस बघा. पाणी ‘खाणारी’ गाडी असं काही नसतं. गेलेलं पाणी कुठेतरी गेलेलं असतं.

कुठे गेलं, यासाठी रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरा. एसीचं पाणी रंगहीन, बिनवासाचं असतं आणि एसी लावल्यानंतरच पडतं, त्याला घाबरू नका. कूलंटला, म्हणजे रॅडिएटरमध्ये भरायच्या खास द्रवाला, रंग आणि चिकट गोडसर वास असतो. होसच्या टोकांना, पंपाखाली, रॅडिएटरच्या प्लॅस्टिक टाकीच्या कडेला पांढरट-हिरवट खपली दिसली की गळती तिथेच. ड्रायव्हरशेजारच्या सीटखालची मॅट ओली आणि काचेवर आतून तेलकट धुकं असेल, तर हीटरचा रॅडिएटर गळतोय. बऱ्याचदा प्रश्न फक्त क्लिपचा असतो, स्क्रूड्रायव्हरने आवळली की संपला. होस दाबून बघा: रबर कडक, चिरलेलं किंवा लगदा झाल्यासारखं मऊ लागलं तर बदला. जुन्या गाडीत सगळे होस एकदम बदलणं स्वस्त पडतं, नाहीतर एक नवा घातला की दुसरा जुना फाटतो.

कॅप

माझी गाडी पहिल्यांदा दिवे घाटात उकळली तेव्हा एका गॅरेजने रॅडिएटर बदलून दिला. चार दिवसांनी सासवडला जाताना त्याच घाटात पुन्हा खदखद. नव्या रॅडिएटरवर त्यांनी जुनीच कॅप बसवली होती. नाना पेठेतून दोनशे रुपयांच्या आसपास नवी आणली, दुखणं थांबलं. रॅडिएटरचे पैसे अर्थातच परत आले नाहीत.

कॅपला दोन कामं असतात. दाब धरून ठेवणं आणि इंजिन निवताना बाटलीतलं पाणी परत आत ओढू देणं. रबराला भेगा, स्प्रिंग सैल किंवा मधली छोटी चकती गंजून चिकटलेली असेल तर नवीन घ्या. सकाळी वरचा होस चपटा झालेला दिसला, तर ती चकतीच अडकलीय. घेताना जुन्या कॅपवरचा आकडा बघून तोच घ्या. “जास्त दाबाची बसवा, उकळणारच नाही,” असं सांगणारे भेटतात, पण वीस वर्षांच्या होसवर आणि प्लॅस्टिकच्या टाकीवर तो जास्तीचा दाब कशाला?

जाळी

रॅडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर (तशीच दिसणारी दुसरी जाळी) असतो आणि दोघांच्या मधल्या फटीत वर्षानुवर्षांची माती, किडे, वाळकी पानं. पुढून बघितलं तर सगळं स्वच्छ दिसतं, टॉर्च घेऊन वरून फटीत बघा. साध्या नळीने, इंजिनच्या बाजूकडून पुढच्या दिशेने पाणी मारा. वॉशिंग सेंटरचा प्रेशर गन नको, त्याने पातळ पाती आडवी होतात आणि वारा कायमचा अडतो.

पंखा

ट्रॅफिकमध्ये तापणाऱ्या गाड्यांचा माझा हिशेब बहुतेक इथेच मिटलाय. गाडी उभी करून सुरू ठेवा आणि वाट बघा. काटा मध्याच्या थोडा वर गेला की पंखा लागायला हवा, मिनिटभर चालून बंद व्हायला हवा, मग पुन्हा. लागतच नसेल तर एसी लावून बघा. बऱ्याच गाड्यांत एसीबरोबर तोच पंखा लागतो. एसीवर फिरतो पण तापल्यावर फिरत नाही, म्हणजे मोटर ठीक आहे आणि दोष तापमान ओळखणाऱ्या स्विचचा किंवा सेन्सरचा. काही गाड्यांना दोन पंखे असतात, तिथे ही परीक्षा चालत नाही, कुठला फिरतोय ते डोळ्यांनी बघावं लागतं.

दोन्ही वेळा गप्प असेल तर आधी फ्यूज, मग रिले (पंख्याची वीज चालू-बंद करणारा छोटा स्विच). फ्यूज बॉक्समध्ये हॉर्नचा रिले बहुधा त्याच नंबरचा असतो. नंबर जुळत असेल तर अदलाबदल करून बघा, खर्च शून्य. त्यानंतर मोटर. गाडी बंद आणि बॅटरीचा निगेटिव्ह काढलेला असताना पातं हाताने फिरवा, अडखळलं तर बेअरिंग गेलंय. पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यांवरून गेलेल्या गाड्यांत मोटरचा प्लग आतून हिरवा पडलेला असतो, तो साफ केल्यावर पंखा लागलेला मी दोनदा पाहिलाय. आणि मोटरवर लाकडाने हलकेच ठोकल्यावर पंखा सुरू झाला, तर आतले कार्बन ब्रश संपलेत. तो पंखा तुम्हाला घरापर्यंत नेईल, पुढचा भरवसा नाही.

बोटं सांभाळा. काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही पंखा अचानक लागतो.

थर्मोस्टॅट

गाडी थंड असताना सुरू करा आणि रॅडिएटरचा वरचा होस हाताने अधूनमधून चाचपत राहा, पट्टा आणि पंखा यांपासून हात लांब. काही मिनिटं तो गार राहतो आणि मग एकदम गरम होतो, थर्मोस्टॅट उघडल्याची ती खूण. काटा चढत गेला तरी होस गारच राहिला, तर तो उघडत नाहीये. पहिल्या मिनिटापासून होस हळूहळू कोमट होत गेला, तर तो उघडाच अडकलाय. (काही इंजिनांत थर्मोस्टॅट खालच्या होसच्या तोंडाशी असतो, तिथे हीच परीक्षा खालच्या होसवर.) खात्री करायची तर काढून दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडा आणि पाणी तापवा. त्यावर ८२ लिहिलेलं असेल तर ८२ अंशांच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे. स्वयंपाकघरातलं पातेलं वापरायचं नाही, हे मला सांगण्यात आलं आहे.

आता माझ्या रागाचा विषय. “आपल्याकडे काय करायचाय थर्मोस्टॅट, उन्हाचा देश, काढूनच टाकू,” असं म्हणून तो काढून देणारे पुष्कळ आहेत. ट्रॅफिकमध्ये त्याने थोडे दिवस बरं वाटतं. मग मायलेज घसरतं, इंजिन कधी पुरतं तापतच नाही, आतलं ऑइल लवकर खराब होतं. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅटची खालची चकती बायपासची, म्हणजे रॅडिएटर टाळून जाणारी, वाट बंद करते. तो काढला की ती वाट कायम उघडी, आणि गरम पाणी रॅडिएटरला न जाता इंजिनातल्या इंजिनात फिरत राहतं. घाटात गाडी आधीपेक्षा जास्त तापते. जुनी गाडी विकत घेतली असेल, तर आत थर्मोस्टॅट आहे का, हे एकदा उघडून बघाच.

आतलं पाणी

बाटलीतलं पाणी चहासारखं तपकिरी दिसलं तर इंजिनचा ब्लॉक (मुख्य धातूचा सांगाडा) आतून गंजतोय. त्याला कारण आपण. टँकरचं किंवा बोअरचं पाणी वर्षानुवर्षं ओतलं की गीझरच्या कॉइलवर चढतो तसला पांढरा थर रॅडिएटरच्या बारीक नळ्यांत चढतो. दुपारी तीनच्या उन्हात हायवेच्या ढाब्यावरून भरलेलं पाणी वेळ निभावायला ठीक, घरी आल्यावर ते काढून टाका.

गाडी थंड असताना खालचा बोल्ट किंवा होस काढून रिकामी करा, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, मग कूलंट भरा. डब्यावर नीट वाचा. तयार मिश्रण असेल तर जसंच्या तसं भरायचं, कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं) असेल तर डिस्टिल्ड वॉटरबरोबर निम्मं-निम्मं. तयार मिश्रणात पुन्हा पाणी घालून ‘पुरवठा’ करणारे खूप. रंगावर विसंबू नका, हिरवा-लाल हा प्रत्येक कंपनीचा आपापला मामला असतो. वेगवेगळ्या जातीची कूलंट एकत्र करू नका. काढलेलं जुनं कूलंट पार्किंगमध्ये सांडून ठेवू नका, चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मूत्रपिंड निकामी होऊन मरतात.

भरल्यावर हवा काढणं राहिलं तर सगळी मेहनत वाया. गाडीचं नाक चढावर, कॅप उघडी, हीटर गरमवर, इंजिन थंडपणी सुरू. बुडबुडे येत राहतील, पातळी खाली जाईल, भरत राहा. मधूनमधून वरचा होस पिळा. पाणी उसळून वर यायला लागलं की कॅप बसवा, पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबा. पूर्ण निवल्यावर पुन्हा पातळी.

पंप आणि रॅडिएटर

इथून पुढे मी स्वतः हात घालत नाही. पंपाखालच्या छोट्या भोकातून ओघळ दिसला किंवा पुलीजवळ किरकिर ऐकू आली तर पंप संपत आलाय. अनेक इंजिनांत तो टायमिंग बेल्टवर (इंजिनच्या आतल्या भागांची लय जुळवणाऱ्या पट्ट्यावर) चालतो, आणि तो बेल्ट चुकीच्या खुणेवर बसला तर नुसतं तापण्यापेक्षा मोठं नुकसान होतं. बदलायचाच असेल तर पंप आणि बेल्ट एकदमच बदलून घ्या, मजुरी एकदाच लागते.

रॅडिएटर आतून चोक आहे का बघायचं तर गाडी तापल्यानंतर बंद करून, पंखा थांबल्यावर, जाळीवर हात जवळून फिरवा. गरम भागांत मधेच गार पट्टे लागले तर त्या नळ्या बंद आहेत. जुने तांब्या-पितळेचे रॅडिएटर उघडून नळ्यांत सळी घालून साफ करणारे कारागीर अजून आहेत. ॲल्युमिनियम आणि प्लॅस्टिक टाकीवाल्यांत मात्र नवा घेणंच बरं. गळती बुजवणारी पावडर टाकू नका, ती भोकाबरोबर चांगल्या नळ्याही बुजवते.

इथे थांबा

ऑइलच्या झाकणाखाली किंवा डिपस्टिकवर दुधाच्या चहासारखा फेस. गाडी तापल्यावरही सायलेन्सरमधून न थांबणारा गोडसर वासाचा पांढरा धूर. इंजिन सुरू केल्याबरोबर, गार असतानाच, रॅडिएटरमध्ये एकसारखे बुडबुडे आणि वरचा होस दगडासारखा. पाणी रोज कमी होतंय पण गळती कुठेच नाही. यांतलं एकही दिसलं, किंवा लाल रेषेनंतर इंजिन स्वतःहून बंद पडलं, तर पुन्हा सुरू करून बघू नका. टोइंग करून न्या. हे हेड गॅस्केटचं दुखणं आहे आणि ‘दोन किलोमीटर तर आहे गॅरेज’ म्हणून चालवलेली गाडी गॅस्केटवरून इंजिनवर जाते.

गॅरेजमध्ये नुसतं “तापते” म्हणू नका, वर सांगितलेलं कधी, कुठे, किती वेळाने ते सांगा. हेड उघडण्याआधी निळ्या द्रवाची चाचणी करून मागा. रॅडिएटरच्या तोंडाशी ते साधन धरल्यावर द्रव पिवळा झाला, तर जळालेला वायू पाण्यात शिरतोय. हेड उघडलंच, तर लेथवर पातळी तपासून फेसिंग (पृष्ठभाग घासून सपाट करणं) आणि तड्यासाठी प्रेशर टेस्ट केल्याशिवाय परत बसवू देऊ नका, आणि हेडचे बोल्ट नवे लागतात का ते आधी विचारा. खर्चाचा आकडा गाडीच्या किमतीजवळ जात असेल तर त्याच दिवशी हो म्हणू नका, घरी जाऊन चहा घ्या.

काम झाल्यावर माझी चाचणी ठरलेली आहे. एक संध्याकाळ एसी लावून नवले पुलाच्या ट्रॅफिकमध्ये, मग रविवारी पहाटे बोपदेव घाट. घराजवळ आहे, बिघडली तर टोइंगवाला लवकर पोचतो. डिकीत पाच लिटरचा पाण्याचा कॅन, दोन क्लिपा, स्क्रूड्रायव्हर आणि जास्तीचा फ्यूज. वर पोचल्यावर दोन मिनिटं इंजिन तसंच चालू ठेवतो, मग बंद करून बाटलीकडे कान देतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी मार्करच्या रेघेवर असलं, तरच खंबाटकीचं नाव काढतो.